मंगळवारचं डांबर

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा मोबाईलवर टाईप केलं, तीनदा पुसलं. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. यातली सगळी माणसं रोज समोर येणारी आहेत, आणि त्यातला एक जण मी लिहिलेलं सगळं वाचतो. 'मी' लिहायला गेलो की बोट अडतं. म्हणून 'तो' लिहितो. 'तो' म्हटलं की जरा लांबून बघता येतं.

तर तो. त्याला सगळे चष्मा म्हणतात. गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं काम करतो. हे काम कुठल्या शाळेत शिकला नाही, उस्तादांच्या हाताखाली बघून बघून शिकला. चष्म्याच्या काचा ऑईलने इतक्या माखलेल्या असतात की त्याला दिसतं तरी कसं, असं गिऱ्हाईकं विचारतात. तो म्हणतो, गिअरबॉक्स डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचा असतो.

गुरुवारपर्यंत हे त्याला खरंच वाटत होतं.

१

गुरुवार, सकाळचे अकरा. गॅरेजच्या अंगणात उस्ताद स्टेअरिंगवर, शेजारी डॉक्टरीणबाई. या जनावरांच्या डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर कुणाची गाय अडली, कुणाचं घोडं लंगडलं की ही गाडी घेऊन जातात. चारही चाकं ओढणारी गाडी. नुसती मागची किंवा नुसती पुढची ओढणारी तिथे चढतच नाही.

गाडी सोमवारी संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात बंद पडली होती. मंगळवारी दुपारी टोचनवाल्या लांब्याने ती गॅरेजच्या मागच्या फाटकाशी आणून सोडली. बुधवारी सगळ्यांनी ढकलत आत घेतली. बिघाड किरकोळ निघाला. स्टार्टर गेला होता. चष्म्याने नवा बसवला. किल्ली अर्धी फिरवली आणि इंजिन लागलं.

"चला, एक चक्कर मारून देतो," उस्ताद म्हणाले.

अंगणातल्या पिंपाला वळसा घालायला त्यांनी स्टेअरिंग कापलं. गाडी अडली. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. उस्तादांनी जरा रेस दिली. खालून धाड असा आवाज आला, आणि मग काहीच नाही. नुसता वास.

गाडी रॅम्पवर चढली. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं ऑईल अडवणारं सील फुटलेलं. त्याच्या पुढचं, पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं कपलिंग उस्तादांनी स्वतः उघडलं. आतल्या ताटल्या निळ्या-काळ्या पडलेल्या. त्यातलं जाड तेल जळून त्याचा चिकट डिंक झालेला.

"मागचं ऑईल कोणी बदललं होतं?" उस्तादांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी, चष्म्याने.

"जे टाकायचं तेच टाकलंय, उस्ताद."

"ऑईलचा प्लग आवळला होतास?"

"आवळला होता."

"मग लांब्या काय वेडा आहे? मंगळवारी फोनवर म्हणाला, गाडी चढवतानाच मागून ऑईल गळत होतं. मी म्हटलं, बघू नंतर. चूक झाली माझी." उस्तादांनी हात पुसले. खूप वेळ पुसत राहिले. "ऑईल गळून गेलं, कोरडं चाललं, जळलं. सरळ आहे."

डॉक्टरीणबाई चष्म्याकडे बघत होत्या. चार वर्षं त्या त्याला 'अरे' म्हणायच्या. 'अरे, जरा ब्रेक बघ रे.' आज म्हणाल्या, "अहो, परवा डोंगरात असते तर? उतारावर असते तर?"

तो 'अहो' त्याला 'धाड'पेक्षा मोठा ऐकू आला.

त्या गेल्यावर उस्ताद त्याच्याकडे न बघता बोलले. "शनिवारी बाई परत येणार आहेत. काय झालं ते मला तोवर पटेल असं सांग. नाही जमलं, तर सोमवारी येऊ नकोस. गिअरबॉक्स ज्याने उघडला त्याच्यावर माझा भरवसा नसेल, तर मी रात्री झोपू कसा?"

२

लांब्याचं आता सांगतो. उंची इतकी की आमच्या शटरखालून त्याला वाकून यावं लागतं. टोचनच्या यार्डात गाडी चालवतो. त्या यार्डात दोनच गाड्या आहेत. एक सपाट फळीची, जिच्यावर आख्खी कार चढवतात. ती लांब्याकडे. दुसरी जुनी, हुकाची, कारची दोन चाकं उचलून बाकी दोन रस्त्यावर ओढत नेणारी. ती म्हाताऱ्या मामांकडे. मामा कुणाचेच मामा नाहीत, पण सगळ्यांचे आहेत.

लांब्या आणि चष्मा पहिलीपासून एका बाकावर. लांब्याला फळ्यावरचं दिसायचं, चष्म्याला समजायचं. दोघांचं मिळून एक डोकं होतं.

गुरुवारी दुपारी लांब्या दोन चहा घेऊन आला.

"तोंड बघ तुझं. कुणी गेलंय का?"

"माझी नोकरी चाललीय."

"ऐकलं. अरे, तू बोलट ढिला ठेवशील? तू तर डब्याचं झाकण पण दोनदा तपासतोस." लांब्या रॅम्पखाली वाकला. "बाईंचा धाकटा भाऊ आहे ना, त्याचं बघ. गाडी तोच हाणतो. आणि हे बघ, तीन टायर जुने, एक कोरा करकरीत. तूच सांगतोस ना, चारी चाकं सारखी नसली की कपलिंग मरतं."

खरं होतं ते. एक चाक मोठं, तीन लहान, म्हणजे पुढचं-मागचं कधीच बरोबर फिरत नाही. मधलं कपलिंग ती ओढाताण सोसत राहतं. चष्म्याला एकदम हुशारी आली. मित्र असावा तर असा, असं वाटलं त्याला. हे पण लिहून टाकतो.

लांब्याला कॉल आला, तो गेला. चष्म्याने दोरा घेतला, चारही टायरला एकेक वेढा मारून मापला. फरक नखाएवढा. नवा टायर चार दिवसांपूर्वीचा. एवढ्याशा फरकाने कपलिंग झिजायला महिने लागतात, आणि झिजतं ते हळूहळू, राखाडी होत. इथे ताटल्या निळ्या होत्या. लोखंड निळं पडतं ते एकाच दमात तापलं की.

म्हणजे हे महिन्यांचं काम नव्हतं. एका दिवसाचं होतं.

मग त्याने पुढच्या गिअरबॉक्सचं ऑईल काढून बघितलं. पंधरा दिवसांपूर्वी एकाच डब्यातून दोन्हीकडे टाकलं होतं. पुढचं मधासारखं स्वच्छ. मग मागचा प्लग बघितला. पाना लावला तर हलेना. तो स्वतःच्या हाताचा आवळ ओळखत होता. गळलं होतं ते सीलमधून, आणि सील तापून फुटलं होतं. म्हणजे आधी तापलं, मग गळलं. उस्ताद उलटं समजले होते.

आता एका दिवसात एवढं तापायला काय व्हावं लागतं? पुढची चाकं जागच्या जागी थांबायला हवीत आणि मागची जोरात फिरायला हवीत. कितीतरी किलोमीटर. रस्त्यावर चालवताना असं होत नाही. करायचं म्हटलं तरी होत नाही.

त्याने टॉर्च मागच्या मडगार्डच्या आत मारला. आत डांबराने माखलेली बारीक खडी चिकटली होती. ताजी. नख रुतत होतं. दोन्ही बाजूंना.

मग पुढच्या मडगार्डमध्ये मारला. तिथे होती ती जुनी वाळलेली माती. डांबराचा एक कण नाही. फक्त पुढच्या बंपरच्या खाली काळे ठिपके होते. एखाद्या गाडीच्या अगदी मागे चिकटून गेलं की तिच्या चाकांनी उडतात तसे.

तो टॉर्च तसाच धरून उभा राहिला. गाडी डांबरावरून गेली होती. पुढची चाकं गेली नव्हती.

३

कुणीतरी ही गाडी हुकावर नेली होती. पुढची चाकं उचलून, मागची रस्त्यावर. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला हे करायचंच नसतं. मागची चाकं फिरली की शाफ्ट फिरतो, पुढचा भाग अडकलेला, आणि सगळा राग मधल्या कपलिंगवर निघतो.

पण गाडीसोबत आलेल्या टोचनच्या चिठ्ठीवर सपाट गाडीचा नंबर होता. आणि सही लांब्याची.

चष्म्याने काय विचार केला असेल? मित्राबद्दल जो करतात तोच. मामांनी नेली असणार. मामांना दिसत नाही हल्ली नीट, त्यांना कोणती गाडी काय ते कळलं नसेल. आणि लांब्याने म्हाताऱ्याला वाचवायला स्वतःच्या नावाची चिठ्ठी फाडली असणार. लांब्या आहेच तसा.

म्हणून त्याने लांब्याला डांबराचं सांगितलं नाही. सांगितलं तर तो मामांना सांभाळायला पळेल. नुसतं म्हणाला, "उद्या सकाळी बाईंकडे सोडशील? बाईक तुझी, पेट्रोल माझं."

"पेट्रोलचं काय बोलतोस," लांब्या म्हणाला. "त्या भावाची कॉलर धरू."

शुक्रवारी सकाळी निघाले. दवाखाना शहराबाहेर वीस-बावीस किलोमीटर. निम्म्या वाटेवर, दगडखाणीच्या वळणाशी, रस्ता एकदम काळा झाला. बाईकखाली खडी तडतडायला लागली. लांब्याने दोन्ही पाय वर घेतले. कडेला रोलर उभा, त्याच्या सावलीत मुकादम डबा खात होता.

"थांब जरा," चष्मा म्हणाला.

"कशाला? ऊन लागतंय."

"लघवीला."

तो मुकादमाशी जाऊन बसला. लांब्या बाईकवरच राहिला, आरशात भांग पाडत.

"हा पट्टा कधी घातला, काका?"

"का, तुला पण चिकटली का खडी? सगळे शिव्या घालून जातात. मंगळवारी सकाळी घातला. दुपारी बाराला रस्ता सोडला. साहेब म्हणे लोक खोळंबलेत. दोन दिवस तरी वाळू द्यायला नको?"

"त्याच्या आधी?"

"आधी माती होती नुसती. तीन महिने मातीच होती."

म्हणजे सोमवारी बंद पडेपर्यंत त्या गाडीने इथे डांबर बघितलंच नव्हतं. मंगळवारी दुपारी टोचनवर जातानाच काय ते बघितलं. मागच्या दोन चाकांनी.

चष्मा परत बाईकवर बसला.

"झाली का लघवी?" लांब्याने विचारलं. "का मुकादमाला पण गिअरबॉक्स शिकवत होतास?"

चष्मा हसला. तो शेवटचं हसला ते तिथे.

४

दवाखान्याच्या अंगणात एका वासराचा पाय बांधणं चाललं होतं. बाईंचा धाकटा भाऊ वासराची मान धरून उभा होता. लांब्या फाटकाबाहेरच थांबला. म्हणाला, जनावरांचा वास सहन होत नाही.

"बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वर बघितलं नाही.

"बाई, गाडी न्यायला टोचनवाला आला तेव्हा तुम्ही बघितलं का?"

"मी आत होते. मांजर टेबलावर होतं, पोट उघडं. किल्ली खिडकीत ठेवली होती. बाहेर आले तेव्हा गाडी गेली होती."

"आणि तुम्ही?" त्याने भावाला विचारलं.

"मी नव्हतोच." भाऊ एकदम तापला. "हे बघ, सगळे माझ्यावरच येतात. चार महिन्यांपूर्वी रिव्हर्समध्ये फाटकाच्या खांबाला ठोकली, मान्य. डिकीचं झाकण चेपलं, मान्य. ते बदललं ना? तूच बदललंस. त्यानंतर मी गाडी फुलासारखी चालवतो."

"फुलासारखी," बाई म्हणाल्या. "म्हणून नवा टायर लागला."

"तो खिळा होता, ताई."

चष्मा ऐकत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. गाडी उभी राहायची ती जागा फिक्या सिमेंटची. फिनाईलने इतकी घासलेली की पांढरी पडलेली. त्यावर जुन्या रक्ताची एक फिकट छटा होती, चुना होता, खुरांचे ओरखडे होते. ऑईलचा डाग नव्हता.

"बाई, इथे ऑईल सांडलं होतं का? सोमवारी, मंगळवारी? पुसलं का कुणी?"

आता त्यांनी वर बघितलं. "ऑईल? इथे? अहो, जनावरं जमीन चाटतात. एक थेंब असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. सोमवारी रात्रीही मी स्वतः गाडीखाली टॉर्च मारला होता. बंद का पडली बघायला. कोरडं ठणठणीत."

"नक्की?"

"नक्की."

त्याने त्या जागेवर तळहात फिरवला. सिमेंट ऑईल पितं. एकदा प्यायलं की कितीही घासा, दिसतं. गॅरेजवाल्याला हे सांगावं लागत नाही.

मग लांब्याने उस्तादांना काय सांगितलं होतं? चढवतानाच गळत होतं. इथे. याच जागेवर.

फाटकाबाहेर लांब्या हॉर्न वाजवत होता. दोन छोटे, एक लांब. शाळेत असताना सायकलच्या घंटीने हाच इशारा द्यायचा.

५

लांब्याने त्याला गॅरेजशी सोडलं आणि कॉलवर गेला. चष्मा आत गेलाच नाही. चालत यार्डात गेला. मामा हुकाच्या गाडीची काच पुसत होते. मामा एवढेसे आहेत. सीटवर दोन उशा घेऊन बसतात, तरी पलीकडून बघणाऱ्याला वाटतं गाडी आपोआप चाललीय.

"ये रे. काय मोडलं आज?"

"मामा, मंगळवारी डॉक्टरीणबाईंची गाडी तुम्ही आणली का?"

"मी? मंगळवारी मला स्वतःलाच कुणीतरी आणून सोडलं. डोळे दाखवायला गेलो होतो. थेंब घातले त्यांनी. दिवसभर बायको पण धुरकट दिसत होती. बरं वाटलं जरा."

"मग तुमची गाडी?"

"इथेच होती. किल्ली खिळ्याला." मामांचा हात थांबला. "पण तू विचारलंस म्हणून सांगतो. बुधवारी चढून बसलो तर माझे पाय हवेत. क्लचच सापडेना. कुठल्या भुताने सीट पार शेवटच्या खाचेला ढकलली होती, आणि माझ्या दोन्ही उशा मागे फेकलेल्या. चाकं पण काळीकुट्ट. मी मालकाला म्हटलं, तो म्हणाला, मामा, तुमचे पायच आखूड झाले."

चष्म्याने स्वतः चढून सीट शेवटच्या खाचेला सरकवली. तो काही बुटका नाही. तरी क्लच दाबायला त्याला घसरून पुढे यावं लागलं.

शेवटच्या खाचेला बसून आरामात गाडी चालवेल असा या यार्डात एकच माणूस होता.

तरी त्याने एक शेवटचा प्रयत्न केला. स्वतःसाठीच केला. "पण मामा, लांब्याकडे सपाट गाडी होती ना? तो तुमची का घेईल?"

मामांनी यार्डभर बघून घेतलं, मग आवाज खाली आणला. "सपाट गाडी मंगळवारी होती कुठे? त्याची ताई घर बदलत होती. कपाटं, पलंग, गाद्या, सगळं तिच्यावर चढवून पाठवलं त्याने. दोस्ताला दिली चालवायला. मालकाला कळलं तर त्याच दिवशी हाकलेल. मी सांगितलं असं म्हणू नकोस हं. गुणी पोरगं आहे ते."

चष्म्याने सीट परत पुढे सरकवली आणि मामांच्या दोन्ही उशा जागेवर ठेवल्या.

६

दुपारी चार वाजता लांब्या सपाट गाडी धुवत होता. चष्मा नळापाशी येऊन उभा राहिला.

"काय, सापडला का चोर?" लांब्याने पाईप बाजूला केला.

"मंगळवारी तू बाईंची गाडी हुकावर आणलीस."

"काय बोलतोस."

"मागच्या मडगार्डमध्ये मंगळवारचं डांबर आहे, पुढच्यात नाही. पुढची चाकं वर होती. बंपरवर मामांच्या गाडीने उडवलेले ठिपके आहेत. मामांची सीट शेवटच्या खाचेला होती आणि मामा डोळ्यांत थेंब घालून घरी पडले होते. तुझी गाडी ताईची कपाटं घेऊन गेली होती. आणि बाईंच्या अंगणात ऑईलचा थेंब नाही. गळायला लागली ती तू ओढत आणल्यावर. आधी गळत होती असं एकटा तूच म्हणालास."

लांब्याने नळ बंद केला. मग परत चालू केला. मग बंद केला.

"मागे अक्षर नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "तूच शिकवलंस ना, डिकीवर चार चाकांची खूण असेल तर फळीवरच घ्यायची. मी बघितलं. खरंच बघितलं. खूण नव्हती. मला वाटलं, नुसती पुढची चाकं ओढणारी गाडी. पुढची उचलली की झालं. सगळे असंच करतात."

ते खरं होतं. खांबाला ठोकलेलं झाकण बदललं तेव्हा त्याने भंगारातून दुसरं आणलं होतं. त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या, पण दोन चाकं ओढणाऱ्या गाडीचं. त्याच्यावर खूण नव्हती, आणि जुन्यावरची काढून लावायचं त्याने मनावर घेतलं नव्हतं. गाडी चालते ना, मग अक्षराचं काय एवढं.

"ते माझं," तो म्हणाला. "झाकण माझं. तेवढं मी उस्तादांना सांगणार."

लांब्याला केवढा धीर आला. "मग बघ ना. चूक दोघांची. वळण पार केल्यावर मला वास आला, मी खाली उतरलो, शाफ्ट बघितला आणि समजलं. पण तेव्हा होऊन गेलं होतं रे. आठ किलोमीटर राहिले होते. उरलेली तशीच आणली. जेवायच्या सुट्टीत मागच्या फाटकाशी सोडली. उस्तादांनी फोनवर विचारलं, सगळं ठीक ना. आणि तोंडातून गेलं, की गळत होती."

"तोंडातून गेलं ते मंगळवारी."

"हो."

"गुरुवारी चहा घेऊन आलास. तेव्हा तोंडात काय होतं?"

लांब्या पाईप गुंडाळायला लागला.

"टायर तू दाखवलास. भावाची कॉलर धरू म्हणालास. आज मला बाईकवर बसवून त्याच डांबरावरून नेलंस आणि आणलंस. आणि मी काय करत होतो माहितीय? मी तुझ्यापासून लपवत होतो. मला वाटलं तू मामांना वाचवतोयस. मी म्हटलं, लांब्या आहेच तसा."

"मला वाटलं टायरवर जाईल," लांब्या म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "नाहीतर मामांवर. मामा काय, वर्षभरात घरीच बसणार आहेत. तुला उस्ताद काढणार नाहीत असं वाटलं. तुला तर ते पोरासारखं बघतात."

"सोमवारी येऊ नकोस म्हणाले."

"नुसतं म्हणाले असतील."

"मला म्हणाले. मी तिथे उभा होतो."

यार्डाबाहेरून कुणीतरी लांब्याला हाक मारली, गाडी आत घ्यायची आहे म्हणून. त्याने ऐकूनही वळून बघितलं नाही. तो त्या सपाट फळीवर बसला, ओल्यातच. बसला तरी तो चष्म्याएवढाच उंच होता. पहिलीपासून चष्म्याने त्याला कधी असं समोरासमोर बघितलं नव्हतं. नेहमी मान वर करून.

"ताई आत्ताच नवीन घरात गेलीय," लांब्या म्हणाला. "तिला वाटेल तिच्यामुळे झालं. मालक तर त्याच दिवशी काढेल. तू नुसतं टायर म्हण ना. उस्ताद तुझं ऐकतील. निळं-राखाडी कोणाला कळतंय? मी उभ्या जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही."

हे पण खरं होतं. कधीच काही मागितलं नव्हतं. शाळेत स्वतःचा डबा अर्धा द्यायचा आणि मागायचा नाही. आणि तेच चष्म्याला सगळ्यात जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं ते हे.

"उस्तादांना कळतं," तो म्हणाला. "आणि मला कळतं. बाई परत त्या डोंगरात जाणार आहेत. त्यांना वाटेल टायर बदलला, झालं. परत बंद पडली तर परत कुणीतरी हुकाला लावेल, कारण डिकीवर अक्षर नाही. नाही लांब्या."

"म्हणजे तू सांगणार."

चष्म्याने चष्मा काढला आणि शर्टाने पुसला. शर्टही ऑईलचा, काही फरक पडला नाही.

"आपण परत पहिल्यासारखे होऊ का, ते मला विचारू नकोस. त्याचा शब्द मला देता येत नाही. खोटा देणार नाही. पण एक देतो, तो ऐक. उद्या दहाला उस्ताद शटर उघडतात. बाई अकराला येतात. दहा वाजता मी समोरच्या फुटपाथवर उभा राहीन, आत जाणार नाही. कोणी काही विचारलं तरी तोंड उघडणार नाही. तो तास तुझा. तू आलास आणि स्वतः सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी येऊन झाकणाचं माझं सांगेन, आणि ते कपलिंग आपण दोघं मिळून उतरवू, कितीही दिवस लागोत. नाही आलास, तर अकराला मी आत जाईन आणि पहिल्यापासून सगळं सांगेन. तुझं नाव घेऊन. दोन्हीपैकी जे होईल त्यात मी एक शब्द जास्त बोलणार नाही आणि एक कमी पण नाही. एवढं मी तुला वचन देतो."